ओळखीतला दवाखाना

कोणाच्या सुनेचं माहेर कुठलं, कोणाची सोयरीक कशावरून मोडली, हे नागपुरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. आमची सुमती म्हणते, "तुमच्या पोटात एक गोष्ट टिकत नाही." ही एक मात्र टिकली. सांगायची लाज वाटते म्हणून टिकली.

रुपराव माझा शाळूसोबती, नरखेडकडचा. संत्र्याची कलमं बांधण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा नाही. स्वतःच्या सदऱ्याची बटणं मात्र कायम वरखाली. लग्नात म्हणे तो जयवंतावहिनींऐवजी करवलीच्या गळ्यात हार घालायला निघाला होता. ही अफवा मीच उठवली होती.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. कलमाची चीर दिसेना. "तुले सारं नागपूर माहीत आहे, तूच दवाखाना पाय," म्हणाला. माझी छाती फुगली. रिंग रोडवर एक नवा, काचेचा दवाखाना झाला होता. आत शिरलो, काउंटरवरच्या मुलीला आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि तिसऱ्या प्रश्नाला ओळख निघाली. श्वेता, माझ्या मेहुण्याच्या साडूची पुतणी! मग काय, "काका, काका" सुरू झालं, नंबर पुढे सरकला, चहा आला. ऑपरेशन आजच करून टाकू, म्हणाली.

रुपराव खुर्चीत चुळबुळत होता.

"ऑपरेशन करणारा डॉक्टर कोणता गा? मले एकदा पाहू दे त्याले. अन् माही शुगर वाढून राहते, ते कोणी तपासलीच नाई."

"हळू बोल. ओळखीत असं विचारतेत काय?"

"ज्या झाडावर बांधाचं तो खुंट पाह्यल्याबिगर मी कलम बांधत नाई. चाकूबी धुऊन घेतो."

"हे तुही नर्सरी नोहोय. पोरीसमोर माही लाज काढतं काय?"

तो गप्प झाला. जन्मभर मी त्याची टिंगल केली, पण तो कधी उत्तर दिल्याशिवाय राहिला नव्हता. त्या दिवशी माझ्या अब्रूसाठी राहिला.

ऑपरेशन कोणी केलं, ते आम्हाला आजही माहीत नाही. तिसऱ्या दिवशी डोळा लालबुंद, ठणका सुरू. श्वेताला फोन केला. "होतं काका असं, थेंब चालू ठेवा." मी चालू ठेवायला लावले. सारखा फोन केला तर पोरीला काय वाटेल! पाचव्या दिवशी वहिनींनी माझं न ऐकता त्याला सरकारी दवाखान्यात नेलं; मीही मागोमाग गेलो. शुगर भलतीच वाढलेली, डोळ्यात पू झालेला. डोळा वाचला, नजर गेली.

तिथली डॉक्टरीण भडकली. "काही न विचारता ऑपरेशन करून घेतलंत? कुणी सुचवला तो दवाखाना?"

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. हे बडबडं तोंड तेव्हाच नेमकं उघडलं नाही.

"म्याच निवडला बाई," रुपराव म्हणाला, "बोर्ड पाहून."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

यंदा डावा डोळाही धुकट झाला. आता तो एकच उरलेला. मी तोंड लपवून बसलो होतो, तर त्याचाच फोन. "चाल गा सोबत."

"मले काहून नेतं?"

"तुले लोकायले खोदून विचाराची सवय आहे ना? या खेपेस आडनाव सोडून बाकी सारं विचार."

वहिनींना घेऊन आम्ही तिघं नवे दवाखाने पाहायला निघालो. पहिल्या ठिकाणी ऑपरेशन कोण करणार म्हणून विचारलं, तर "तुम्ही भरती तर व्हा" म्हणाले. उठून आलो. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाई स्वतःच करणार होत्या. नंतर त्रास झाला तर कुणाला गाठायचं, तेही त्यांनी लिहून दिलं. म्हणाल्या, "आधी शुगर आटोक्यात आणा, तारीख मग." मग विचारलं, "उजव्याला काय झालं?"

रुपरावने तोंड उघडलं. मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला.

"मी नेलं होतं, बाई. हा विचारत होता. मीच याला गप्प केलं."

वहिनींनी दोन वर्षांनी माझ्याकडे पाहिलं.

महिन्याभरानं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा रुपराव वहिनींना बराच वेळ न्याहाळत राहिला. मग मला म्हणाला, "हे तेच आहे गा, करवली नोहोय."

डॉक्टरीणबाईही हसल्या. मी हसायला गेलो आणि त्याचा उजवा डोळा समोर आला. मी पुन्हा चपलांकडे पाहू लागलो.