बावीस वायरी

माझ्या थोरल्या भावाने सत्तावीस वर्षं एकच काम केलं: अडून बसलेला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. कंपनीची लहान-लहान केंद्रं चार दिशांना विखुरलेली. कुठे मशीन अडलं की दादा स्कूटर काढणार, दीड तास जाणार, बटण दाबणार, दिवा हिरवा होईपर्यंत तिथेच बसणार आणि परत येणार. वहिनी चिडवायची, "बटण दाबायला एवढा मोठा माणूस कशाला लागतो?" तिला काय ठाऊक, पुढे साहेबही हेच विचारणार होते.

मी त्याच कंपनीत, हेड ऑफिसात, एसीच्या गारव्यात. दादाला साहेबांचं फर्मान माझ्याच हातून गेलं: कुठल्या सर्व्हरला लांबून, नेटवर्कवरून, चालू-बंद करता येतं ते तपासा. अशा मशीनच्या पाठीमागे एक जादा सॉकेट असतं. त्यात वायर लावलेली असली की मशीन कितीही अडलेलं असो, ते सॉकेट विचारल्यावर उत्तर देतं. उत्तर आलं की यादीत "हो" लिहायचं, नाही आलं की "नाही". जेवढे "नाही", तेवढं दादाचं काम शिल्लक. निवृत्तीला चार वर्षं होती. हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

मशीन एकसष्ट. एकोणचाळीस बोलली, बावीस गप्प. मी मनातल्या मनात नाचले. बावीस मशीनवर चार वर्षं सहज निघाली असती.

पण दादा तो दादाच. त्या बावीस मशीनमध्ये सोय होती, हे त्याला पक्कं माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी त्या जादा सॉकेटमधून कोणीतरी बाहेरचं आत शिरलं होतं, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. तेव्हा साहेब फोनवर ओरडले होते, "उपट त्या वायरी, आत्ताच्या आत्ता!" दादाने उपटल्या. कागदावर काहीच नाही. स्पीकर चालू होता आणि साहेबांच्या टेबलासमोर मी बसले होते.

"दादा, 'नाही' लिही आणि मोकळा हो," मी म्हटलं.

"सोय आहे, वायर नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"कोण बघायला जाणार आहे तिथे?"

"मी जातोच की."

असा संताप आला त्याचा! दोन आठवडे उन्हातान्हात त्याने केंद्रं पालथी घातली, बावीस वायरी लावल्या, बावीस पासवर्ड बदलले. वहिनीने कपाळाला हात लावला. शेऱ्याच्या रकान्यात त्याने आपल्या सुवाच्य अक्षरात बावीस वेळा लिहिलं: सोय आहे. वायर मी काढली होती, आता लावली.

यादी बैठकीत आली. साहेबांनी शेरा मोठ्याने वाचला.

"बघा, स्वतःच कबूल करतोय. वायरी काढून ठेवायच्या, म्हणजे फेऱ्याही चालू आणि भत्ताही चालू!"

सगळे हसले. साहेबांना तो फोन आठवत नव्हता असं नाही, कारण त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तारीख लिहीत बसले. माझं प्रमोशन त्याच महिन्यात व्हायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं, ते शोधायची तसदी कोणी घेऊ नये.

दादाला नुसतं काढलं नाही, लबाडीचा ठपका ठेवून काढलं. आयुष्यात ज्याला थाप मारता आली नाही, त्याला लबाड म्हणून.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. वहिनीने जेवायला वाढलं. कामावरून काढल्याचं पत्र दादाच्या मांडीवर होतं.

"त्या बैठकीला तू होतीस ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग तू सांगितलंच असशील त्यांना, वायरी कोणाच्या हुकमाने काढल्या ते. त्यांनी ऐकलं नाही, त्याला तू तरी काय करणार?"

मी मान हलवली आणि पानातलं सगळं संपवलं.