दोन विहिणी आणि एक घसरगाडी

मुलीचं लग्न झाल्यापासून मी आणि माझ्या विहीणबाई एकमेकींशी फार जपून बोलत होतो. भांडण असं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या नणंदेच्या पानात जिलबी उशिरा पडली होती, एवढंच. पण ती जिलबी नंतर कित्येक वर्षं आमच्या दोघींच्या मधे होती. मी संत तुकाराम नगरची, भोसरीच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर नोकरी करून निवृत्त झालेली. त्या चाकणजवळच्या गावातल्या, शेतीवाल्या घरातल्या. सणाला फोन व्हायचा. "बऱ्या हाय ना?" "हो, तुम्ही?" संपलं.

मुलगी आणि जावई म्युनिकला नोकरी करतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आम्हा दोघींना एकत्र बोलावलं. दोघींचेही यजमान म्हणाले, "आम्हाला थंडी सोसत नाही, तुम्हीच जा." शिवाय सुट्टीत ऑस्ट्रियाच्या डोंगरात, स्की खेळतात तसल्या एका लहानशा गावात जायचं ठरलेलं.

"साडी चालणार नाही हं," मुलीनं फोनवर बजावलं.

म्हणून आम्ही पिंपळे सौदागरच्या एका दुकानात गेलो. विहीणबाईंनी जन्मात पँट घातली नव्हती. ट्रायल रूममध्ये गेल्या त्या बाहेरच येईनात. मी दार वाजवलं.

"आत कुनी बघत न्हाई ना?"

"आत कोण बघणार? तुम्ही बाहेर या."

"भायेर तर समदेच बघत्याल!"

शेवटी दार बोटभर उघडून त्यांनी मलाच आत ओढलं. आरशात आम्ही दोघी, गुडघ्यापर्यंत फुगलेल्या काळ्या पँटी, वर मंगळसूत्र. मला हसू आलं. त्यांनाही आलं, पण त्यांनी ते ओठ दाबून आत ठेवलं. अजून जिलबी मधे होती.

ऑस्ट्रियातल्या त्या गावात उतरलो आणि मी नुसती उभी राहिले. छपराछपरावर गादी टाकल्यासारखा बर्फ. कांद्याच्या आकाराचा कळस असलेलं चर्च. रस्त्यानं माणसं ते जड स्कीचे बूट घालून खटक-खटक चाललेली, जणू सगळ्या गावानं पायाला प्लास्टर घातलंय. विहीणबाई मात्र नाक वर करून थांबल्या होत्या.

"शेनाचा वास येतोय."

"आई, इथे कसला शेणाचा वास?" जावई म्हणाले.

"मला शिकवतो व्हय!" असं म्हणून त्या हॉटेलच्या मागे वळल्या. आम्ही मागोमाग. तिथं खरंच गोठा होता, आणि आत तपकिरी गाई रवंथ करत बसलेल्या. गवत टाकणाऱ्या म्हाताऱ्यानं काही विचारायच्या आत विहीणबाईंनी एका गाईच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवायला घेतली. गाईनं मान लांब केली. म्हातारा खूश. "आता ह्ये गाव आपलंच हाय," त्या बाहेर येत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं स्की शिकायला वर गेली. आम्हाला उताराच्या पायथ्याशी एका बाकावर बसवलं, हातात थर्मास दिला. "कुठे जाऊ नका. निसरडं आहे. पडलात तर पंचाईत होईल," मुलगी म्हणाली, आणि दोघं तारेवरच्या पाळण्यातून वर गेली.

आम्ही बसलो. चहा प्यायलो. समोर एवढीएवढीशी पोरं हेल्मेट घालून सूं करत खाली येत होती. आमच्यापेक्षा म्हाताऱ्या बायका लाकडी घसरगाड्यांवर बसून ओरडत येत होत्या.

विहीणबाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "आपन काय थर्मास राखाया आलोय का?"

माझ्या मनातलंच बोलल्या. मी उठले.

घसरगाड्या भाड्यानं देणाऱ्या टपरीतल्या माणसाला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. मी घसरगाडीकडे बोट दाखवलं. त्यानं दोघींकडे पाहिलं, दोन बोटं वर केली. विहीणबाईंनी एक बोट वर केलं. एकाच गाडीवर दोघी! त्यानं टाचा जमिनीत रोवून दाखवल्या, म्हणजे तोच ब्रेक, आणि दोरी माझ्या हातात दिली.

वर जायला जमिनीलगत सरकता पट्टा होता. नुसतं उभं राहायचं. मी उभा जन्म पट्ट्यावरून सुटे भाग पुढे जाताना पाहिले होते, आज मीच एक भाग होऊन निघाले. "माझी तपासणी कोण करणार हो?" मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही, तरी हसल्या.

वरून उतार पाहिला आणि मी गाडी त्यांच्यापुढे सरकवली.

"तुम्ही पुढे बसा," मी म्हणाले. "मुलाकडच्या. तुमचा मान."

"न्हाई, न्हाई. तुमीच बसा. आमी मान घेतला की पुन्हा जिलबीवानी व्हायचं."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि दोघींना एकदम असं हसू फुटलं की मागची रांग थांबली. हसता हसताच मी पुढे बसले, त्या मागे बसल्या, माझ्या कमरेला घट्ट मिठी मारली, आणि गाडी आपोआप सुटली.

वारा तोंडात शिरला. मी "आई गं" म्हणत होते, त्या "इठ्ठला, इठ्ठला" म्हणत होत्या.

"टाच लाव!" कानापाशी ओरडल्या. "अगं टाच लाव की गं!"

अहो-जाहो कुठल्या वळणावर गळून पडलं, पत्ता लागला नाही. मी डावी टाच लावली, त्यांनी उजवी. गाडी गर्रकन फिरली आणि आम्ही उलट्या, पाठ पुढे करून, बर्फाच्या ढिगात जाऊन रुतलो. माझा एक बूट वर उतारावरच राहिला. टपरीतला माणूस धावत आला. "ओके? ओके?"

विहीणबाई बर्फात उताण्या पडल्या होत्या, भुवया पांढऱ्या. "ओके!" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एक बोट वर केलं.

आम्ही किती वेळा वर गेलो, मोजलं नाही. मुलं परत आली तेव्हा बाकावर फक्त थर्मास होता. जावयांचा चेहरा उतरला होता, मुलगी रडवेली होऊन टपरीकडे निघाली होती. तेवढ्यात वरून आवाज आला, "सरकाऽऽ! बाजूला व्हाऽऽ!" आणि आम्ही दोघी त्यांच्या पायांजवळून सपकन निघून गेलो.

"मम्मी! आई!" मुलगी मागून धावत आली. "लागलं तर नाही ना? किती घाबरलो आम्ही!"

"तू बी बस," सासूनं तिला सांगितलं. "तुझी आई लय भारी चालवती."

दुपारी गावातल्या कॅफेत गरम चॉकलेट घेत असताना चाकणहून व्हिडिओ कॉल आला. विहीणबाईंचे यजमान शाल गुंडाळून ओट्यावर बसलेले. "लय थंडी हाय का गं तिकडं?"

"थंडी कुठली, घाम निघालाय," त्या म्हणाल्या, आणि फोन माझ्याकडे देऊन माझ्या कपातली उरलेली साय चमच्यानं खाऊन टाकली.