बायोडेटातली नेलपॉलिश

गोव्यात सुर्ल्याच्या खाणीवर मी बावीस वर्षं फिटर होतो. त्या बावीस वर्षांत मी काय काय केलं ते सांगायला बसलो, तर सकाळी पाव घेऊन आलेला पोदेर संध्याकाळच्या फेरीला परत येतो आणि मी अजून पहिल्या गिअरबॉक्सपाशीच असतो. असं माझी बायको म्हणते, आणि ती मोजून मापून बोलणारी बाई आहे.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. आमच्याकडे रंगवून सांगितलेल्या गोष्टीला गजाल म्हणतात, आणि मीठ घातल्याशिवाय जशी आमटी होत नाही तशी चार गोष्टी वाढवून घातल्याशिवाय गजाल होत नाही. मी जरा खारट स्वयंपाक करणाऱ्यांपैकी.

मग खाण बंद पडली. खनिज वाहणारे टिप्पर जागच्या जागी गंजले, त्यांच्या हौद्यात गवत उगवलं, आणि एकात तर बिबट्यानं संसार मांडला. बिबट्याचं सोडा, पण गवत मी स्वतः पाहिलंय. मी स्कूटर काढली आणि मांद्र्याला किनाऱ्यावरच्या गेस्ट हाऊसांचे पाण्याचे पंप आणि जनरेटर दुरुस्त करायला लागलो. हंगामात काम इतकं की जेवायला वेळ नाही, आणि पावसाळ्यात गेस्ट हाऊसं बंद झाली की जेवणाशिवाय दुसरं काम नाही. चार महिने मला घरात बघून बायकोच्या चेहऱ्यावर जे भाव यायचे, ते मी इथे लिहीत नाही.

अशात पेडण्याच्या विमानतळावरची जाहिरात आली. विमानाला मागे ढकलणारे ट्रॅक्टर, सामानाच्या गाड्या, शिडीच्या गाड्या यांची देखभाल करायला एका कंपनीला तंत्रज्ञ हवे होते. बारमाही नोकरी, गणवेश, महिन्याचा पगार. अट एकच अडचणीची: वय पन्नासच्या आत. मला पुढच्या महिन्यात पन्नास पूर्ण होणार होती. म्हणजे ही गाडी चुकली तर दुसरी येणार नव्हती, आणि अर्ज द्यायला उरले होते आठ दिवस.

अर्जासोबत बायोडेटा मागितला होता. आमच्या घरात बायोडेटा म्हणून एकच कागद होता. तो आदल्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी मीच तयार केलेला आणि मुलीनं तांदळाच्या डब्याखाली दडपून ठेवलेला. मी तो काढला, समोर ठेवला आणि एका बैठकीत सात पानं लिहिली. वर गणपती, खाली कुलदैवत, उंची, वर्ण गव्हाळ, मामाचं गाव, आणि मग पराक्रम. चिखलात रुतलेला टिप्पर डाव्या हातानं ओढून काढला, कारण उजव्या हातात चहा होता. आमोण्याच्या धक्क्याला खनिज नेणाऱ्या बार्जचा पंखा दोरीत अडकला तेव्हा मांडवी नदीत उतरलो आणि मगरीच्या उपस्थितीत दोरी सोडवली. 'उपस्थितीत' हा शब्द मला फार आवडला होता. त्याखाली मी दोनदा रेघ ओढली.

मुलगी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कचेरीत काम करते. नोकरीसाठी येणारे अर्ज चाळून साहेबांपुढे ठेवायचे, हे तिचं रोजचं काम. संध्याकाळी आली, पाय धुतले, माझी सात पानं उचलली आणि उभ्या उभ्याच पहिलं पान वाचलं.

"बाबा, लगीन कोणाचा?"

मी म्हटलं, तांत्रिक नोकरीचा कागद आहे. ती म्हणाली की तिच्या टेबलावर हा कागद आला असता तर चहा निवायच्या आत केराच्या टोपलीत गेला असता, आणि गणपती असल्यामुळे टोपलीत टाकायलाही तिला पाप लागलं असतं. वाचणाऱ्याला माझा मामा नको, माझी गाडी हवी. एक पान. फार तर दीड. मी म्हटलं, बावीस वर्षांना एक पान? तेराव्याच्या पत्रिकेवर माणसाबद्दल याहून जास्त लिहितात.

तिनं लाल पेन काढलं.

तिची पद्धत क्रूर होती. माझ्या प्रत्येक वाक्याला तेच तीन प्रश्न: खयची गाडी, तू काय केलंस, मगे काय झाला. 'सर्व प्रकारच्या यंत्रांचा सखोल अनुभव' या वाक्यावर मी रात्रभर मेहनत घेतली होती. ती म्हणाली, सर्व म्हणजे कुठली? मी म्हटलं, सर्व. ती म्हणाली, शिवणयंत्र? मी खिडकीबाहेर बघितलं. त्या वाक्याच्या जागी शेवटी दोन जातींचे टिप्पर, एक लोडर आणि बार्जचं डिझेल इंजिन एवढंच उरलं. पण खरं सांगतो, नावं घातल्यावर ते वाक्य एकदम अंगानं भरलं.

ताजं काम आधी लिहायचं म्हणाली. म्हणजे सगळ्यात वर मांद्र्याचे पंप. मला लाज वाटली. टिप्परवाल्या माणसानं संडासाच्या टाकीचा पंप वर लिहायचा? पण तिनं विचारून विचारून काढलं की लाइट गेली की जनरेटर आपोआप चालू होणारी जोडणी मी सहा ठिकाणी केली होती आणि ती अजून चालते. ते लिहिलं. मी 'तेलाच्या दाबाचं काम' म्हणत होतो. जाहिरातीत त्यालाच हायड्रॉलिक म्हटलं होतं, म्हणून तिनं तोच शब्द घातला. जे येत नव्हतं ते मात्र एकही घालू दिलं नाही. इंग्रजी अस्खलित, हे मी हळूच घुसडलं होतं. तिनं मला इंग्रजीत एक प्रश्न विचारला आणि ते खोडलं.

मगरीसाठी मी शेवटपर्यंत लढलो. ती म्हणाली, "मगरीचो फोन नंबर दी. खाली ओळखीच्या माणसांत घालतंय."

सात पानांचं पाऊण पान झालं. खाली पाव पान मोकळं. मुलगी म्हणाली, इथे एक गोष्ट हवी, जी दुसऱ्या फिटरच्या कागदात नसेल. कोणाला न सांगितलेलं काहीतरी सांग. मी म्हटलं, मी कोणाला न सांगितलेलं अख्ख्या डिचोली तालुक्यात काही शिल्लक नाही.

तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "नेलपॉलिशचा सांग."

मी पाणी प्यायला उठलो. दोघींनी मला उठू दिलं नाही.

तर ते असं. खाणीवर लागून मला तीनेक वर्षं झाली होती. एका दुपारी मी टिप्परचं मागचं चाक बसवत होतो. दहा नट. भोवती तीन ड्रायव्हर बसलेले, आणि मी त्यांना मगर सांगत होतो. त्या दिवशी मगर फार रंगली. सहा नट पक्के आवळले, मगरीनं तोंड उघडलं, मी पाना हातात धरून तिचं तोंड किती उघडलं ते दाखवलं, ड्रायव्हर हसून लोळले, आणि उरलेले चार नट हातानं फिरवले तेवढेच राहिले. टिप्पर माल भरून उताराला लागला. वळणावर चाक सुटलं, रस्ता ओलांडून खाली गेलं आणि लोकांच्या वायंगणात, उन्हाळी पिकाच्या कोवळ्या भातात जाऊन आडवं झालं. टिप्पर बांधाला टेकून थांबला. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. त्या रस्त्यावरून शाळेची मुलं दहा मिनिटं आधी गेली होती.

गॅरेजचा मिस्त्री डिचोलीचा, म्हातारा, दिवसाला चार शब्द बोलणारा. चाक परत आणल्यावर तो माझ्याजवळ आला.

"गजाल सोपली मरे? आता नट मोज."

त्याहून त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली खिशात टाकून कामावर गेलो. पक्का आवळला की नटावर ठिपका. ठिपका नाही तर गाडी हलणार नाही. ड्रायव्हरांनी महिनाभर मला छळलं. चाकाचं लगीन लागलं काय, मेंदी कधी, असं. दोन महिन्यांनी मिस्त्रीनं माझ्याकडे हात पसरला आणि बाटली मागून घेतली. मग सगळं गॅरेजच ठिपके लावायला लागलं, आणि आमच्या घरात काही नेलपॉलिश टिकेना. लग्नात, जत्रेत, गणपतीत, बायकोची नखं कायम कोरी.

हे मी बायकोशिवाय कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीच्या गोष्टींत मी मगरीला हरवतो. हिच्यात मगर जिंकते.

मुलीनं ऐकून घेतलं आणि टाइप केलं: टिप्परचं चाक निखळल्यानंतर, पक्क्या केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची खूण करण्याची पद्धत गॅरेजमध्ये सुरू केली. त्यानंतर खाण बंद होईपर्यंत आमच्या गॅरेजातून गेलेल्या एकाही गाडीचं चाक निखळलं नाही. मी म्हटलं, आपल्या हातानं आपली चूक कोणी लिहितं का? ती म्हणाली, चूक कोणाची ते लिहिलेलंच नाही, विचारलं तर तू बघ. ही मुलगी माझीच, यात मला तेव्हा शंका उरली नाही.

बोलावणं आलं. मुलाखतीला तिघं होते. दोघं मोबाइलकडे बघत होते, मधे एक बाई. घाटावरची, स्वच्छ मराठी बोलणारी, मोठी इंजिनीअर. माझं पाऊण आणि पाव पान तिच्यापुढे होतं आणि तिनं बोट थेट शेवटच्या ओळीवर ठेवलं होतं. मी सुरुवात केली. सांगत सांगत चाक वळणावरून सुटून, वायंगण ओलांडून, मांडवीच्या दिशेनं आमोण्यापर्यंत नेलं. पुढे त्याला पोहायला लावणार होतो.

"चाक कोणी बसवलं होतं?" बाईंनी विचारलं.

माझा त्या वेळचा जोडीदार पंधरा वर्षांपूर्वीच आखातात गेला. त्याचं नाव घेतलं असतं तर त्याला उचकीसुद्धा लागली नसती. नाव जिभेवर आलं होतं, शपथेवर सांगतो. समोर माझी पन्नाशी, मांद्र्याचा पावसाळा आणि बायकोचा चेहरा, तिन्ही रांगेत उभी होती.

"मी," म्हटलं.

"आणि नट कसे राहिले?"

"गजाल सांगत होतो, मॅडम. मगरीची."

दोघांनी मोबाइल खाली ठेवले. बाई म्हणाल्या, मगर राहू दे, ठिपक्याचं सांगा. नट नंतर ढिला झाला तर ठिपका नटासोबत फिरणार, मग कळणार कसं? इतक्या वर्षांत मला हे पहिल्यांदा कोणी विचारलं. मी सांगितलं की पहिल्या पावसाळ्यातच ते ध्यानात आलं, म्हणून ठिपका सोडून रेघ धरली. अर्धी नटावर, अर्धी चाकावर. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते, लांबूनसुद्धा. हे मी चार वाक्यांत सांगितलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी गजाल.

बाई उठून मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. खाली सामान ओढणारा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या चाकाच्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला खाणीवर कोणी शिकवलं? मी म्हटलं, कोणी नाही, बायकोची बाटली होती. तेव्हा त्या हसल्या, आणि म्हणाल्या, "इथे कामाच्या वेळी मगर चालणार नाही."

नोकरी मिळाल्याचा फोन आला तेव्हा मी मांद्र्याला एका विहिरीत उतरलो होतो, डोकं खाली, पंप वर. पन्नास व्हायला नऊ दिवस होते. विहीर इतकी खोल होती की हॅलो म्हटल्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी ऐकू आलं असतं, तरी मी ऐकलं.

आता मी विमानतळावरच आहे. कंपनी रंगाचं पेन देते, कागदावर सही करून घ्यावं लागतं. मगर जेवणाच्या सुट्टीत सांगतो, आणि दोन्ही हात रिकामे आहेत ना, हे आधी बघतो. गावच्या तिठ्यावर सांगितलं की नेलपॉलिशमुळे विमानतळावर लागलो, तर एकाचाही विश्वास बसत नाही. म्हणतात, आता वय झालं, थापासुद्धा नीट मारता येत नाहीत. ही तीच माणसं, जी मगरीवर बावीस वर्षं माना डोलावत होती.

पहिल्या पगाराला बायकोसाठी लाल नेलपॉलिश आणली. तिनं दिव्याखाली धरून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेली. कुठे ठेवली ते मी अजून शोधतोय.