सहावीच्या वर्गानं तोंडावर बोट ठेवलं

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, सानगडीहून परतीच्या बसमध्ये बसून हे लिहून राहिली.

आज सहावीला इंग्रजीतला ‘शट’ शिकवायचा होता. दार लावणं, पुस्तक मिटणं, दुकान बंद करणं, सगळं फळ्यावर लिहिणार होती. त्याआधी सहज विचारलं, "शट म्हणजे काय, कोणाला येते?"

अख्ख्या वर्गानं तोंडावर बोट ठेवलं.

"अरे, चूप काहून बसले? सांगा ना."

पहिल्या बाकावरची प्रणाली बोट न काढताच म्हणाली, "हेच तं सांगून राहिलो, मॅडम. तुमी रोज मनता ना, शट अप."

दुपारपर्यंत घसा बसतो, जीव थकतो, निघून जातं तोंडून. आणि मला वाटायचं, ही पोरं माझं काही ऐकतच नाहीत.

तुमच्या वर्गाला तुमचा कोणता शब्द पाठ आहे, विचारलं कधी?