टेगवेन प्यूची पोस्टकार्डं

उत्तर वेल्सच्या त्या पाटीदगडाच्या गावात टेगवेन प्यूच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. तोंडानं फटकळ, आणि राग धरला की मग सोडायची नाही. तिचा नवरा आयफर खाणीच्या शेडमध्ये तीस वर्षं दगड चिरत होता. घरी यायचा तो राखेत लोळून आल्यासारखा.

पन्नाशीत त्याला चॅपलची, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराची चढण चढवेना. खाणीचे डॉक्टर व्हॉन यांनी त्याला फुंकायच्या यंत्रापुढे बसवलं. छातीभर श्वास घेऊन नळीत सोडायचा, किती हवा आली ते यंत्र सांगतं. आयफरच्या उंचीच्या माणसाची साडेचार लिटर यायला हवी होती. आली जेमतेम दोन.

"नीट फुंकत नाहीयेस तू," डॉक्टर म्हणाले. "कामचुकारपणा."

"हा आणि कामचुकार?" टेगवेन उसळली. "डॉक्टर, चॅपलात गाताना ह्याचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा."

"धुळीनं काही होत नाही, बाई. बाधतो तो काळाकुट्ट उकळलेला चहा, तेवढा कमी पाजा."

दीड वर्षानं आयफर गेला. शेवटी शेवटी खुर्चीत बसूनच झोपायचा. आडवा झाला की बुडणाऱ्यासारखा हात मारायचा. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं. टेगवेननं हट्टानं छाती उघडून बघायला लावली. फुप्फुसं कापताना सुरी दगडावर घासल्यासारखी करकरली, असं चिरफाड करणाऱ्या माणसानं तिला सांगितलं.

तिनं डूख धरला. शहरातल्या छातीच्या दवाखान्यात झाडलोटीला लागली आणि बघता बघता ते यंत्र चालवायला शिकली. तीन वर्षांनी तीच खाणीतल्या माणसांवर ओरडत होती, "फुंक! आणखी! थांबलास तर बघ!" एक्केचाळीस जणांचे आकडे घेऊन ती खाणीच्या धुळीच्या सरकारी चौकशीत साक्षीला उभी राहिली. व्हॉनना नोकरी सोडावी लागली. ते समुद्रकाठी राहायला गेले.

गावाला वाटलं, मिटलं. पण त्या एक्केचाळिसांतला एखादा गेला, की डॉक्टरांच्या पत्त्यावर पोस्टकार्ड जाऊ लागलं: नाव, वय, यंत्रावर मोजलेला शेवटचा श्वास किती लिटर. सही नाही.

अकराव्या कार्डानंतर डॉक्टरांची मुलगी नॉन टेगवेनच्या दारात आली.

"मावशी, पुरे करा हो. पोस्टमनची चाहूल लागली तरी बाबा थरथरतात."

"थरथरू देत."

"त्यांना पश्चात्ताप झालाय."

"मग एक वाक्य लिहून द्यायला सांग. आयफर प्यू जीव तोडून फुंकत होता, एवढंच. ते आलं की बंद."

ते कधी आलं नाही. टेगवेननं आणखी सात कार्डं टाकली. आठवं परत आलं, वर शेरा होता: मयत.

"न लिहिताच गेला मेला," ती शेजारणीला म्हणाली, आणि परसातल्या पाटीदगडाच्या कुंपणावर पाय सुजेपर्यंत लाथा घालत राहिली.