हाफअप्पाचा राग

हाफअप्पा कुणाला माफ करत नसे. सलूनवाल्यानं एकदा त्याची मिशी वाकडी कापली, तर गडी जन्मभर दाढीमिशा वाढवून हिंडला, पण त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. मी म्हणालो, "अप्पा, सोडून दे की." तर म्हणाला, "राग अन् लोणचं मुरलं पायजे बे. कच्चं खाल्लं की दात आंबत्यात."

अंगानं ताडमाड, तरी आमच्या चौसाळा गावात त्याला हाफअप्पा म्हणत, कारण फुटबॉलमध्ये तो हाफ खेळायचा, म्हणजे मैदानाच्या मधोमध. शाळेत मी गोलकीपर आणि माझ्यापुढं अप्पा. त्याच्या पायाशी आलेला चेंडू त्याची मर्जी असल्याशिवाय सुटत नसे. औरंगाबादच्या कॉलेजातून त्याला मुंबईच्या एका कंपनीच्या संघानं उचललं, नोकरी दिली, आणि तिथून तो देशाच्या संघात गेला. आखाताच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा पिशवीत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. परदेश कसा हाय, असं गावानं विचारलं की म्हणे, "तिथंबी चेंडू गोलच हाय."

पुढच्या मोठ्या स्पर्धेआधी शिबिर चालू असताना त्याचे वडील वारल्याची तार आली. संघाचा कॅप्टन म्हणाला, "तू जा, मी कोचसाहेबांना सांगतो." अप्पा गावी आला. आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे वडिलांना समाधी दिली, आपल्या हातानं माती टाकली आणि परत गेला, तर त्याच्या खाटेवर कॅप्टनचा मेहुणा बसलेला. कॅप्टननं साहेबांना काही सांगितलं नव्हतंच, उलट 'न विचारता पळाला' असं पेपरवाल्यांच्या कानात घातलं होतं. देशाची जर्सी गेली ती गेलीच. गावातले टवाळसुद्धा म्हणू लागले, "खेळ झेपंना म्हणून बाप मेल्याचं निमित्त केलं." जर्सीपेक्षा हे वाक्य अप्पाच्या जिव्हारी लागलं.

मग देशात खुलं आर्थिक धोरण आलं. कंपनीनं काटकसरीची सुरुवात फुटबॉलच्या संघापासून केली. दुखरा गुडघा घेऊन अप्पा घरी परतला आणि वडिलांच्या दुकानात दोर-कासरे विकायला बसला. त्याच सुमारास गावात केबल आली, आणि टीव्हीवर फुटबॉलचा जाणकार म्हणून कोण बसावं? कॅप्टन! टाय लावून खिलाडूवृत्तीवर बोलायचा. मला टीव्ही फोडावासा वाटे. अप्पा मात्र टक लावून बघत राही. "बोलू दे बे. लई गोड बोलतंय."

एका वर्षी महादेवाच्या यात्रेला कॅप्टनला पाहुणा म्हणून बोलवा, असं अप्पानंच यात्रा कमिटीला सुचवलं. मी चाटच पडलो. कॅप्टन आला, ऐटीत फेटा बांधून घेतला आणि कुस्त्यांच्या फडाकडेला खुर्चीत बसला. आमच्याकडे पहिलवान हात वर करून फडाला फेरी मारतो. ज्याच्यापुढं तो हात करील त्यानं हात दिला की कुस्ती ठरली, मग माघार नाही. अप्पा काखेत फुटबॉल घेऊन लंगडत लंगडत फेरी मारू लागला. कॅप्टनसमोर थांबला. हात पुढं केला. जुना दोस्त भेटायला आला असं समजून त्या मुंबईकरानं हसत हसत हात दिला. हलगी कडाडली, सगळी यात्रा ओरडली, आणि बिचाऱ्याला काही कळेचना.

अप्पानं माईक घेतला. "माज्या पायातून चेंडू काढला तर मी पळपुटा. न्हाई निघाला, तर मी कशापायी गेलतो ते ह्या गावाला तुमी सांगायचं."

चारी बाजूंनी माणसं. कॅप्टन बूट काढून मातीत उतरला. त्यानं ढकललं, ओढलं, शेवटी दुखऱ्या गुडघ्यावर लाथही घातली. चेंडू अप्पाच्या पायालाच. वर अप्पानं तो कॅप्टनच्या दोन्ही पायांमधून काढून दाखवला, एकदा सोडून दोनदा. फेटा सुटून गळ्यात आला, कॅप्टनसाहेब धापा टाकू लागले, तेव्हा पंचांनी माईक त्यांच्या तोंडापुढं धरला.

"मीच जा म्हणालो होतो," कॅप्टन पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा!" मी ओरडलो.

त्याला पुन्हा सांगावं लागलं. इतकं गोड मी उभ्या जन्मात काही ऐकलं नाही.

कुस्ती संपली की मिठी मारायची आणि वैर फडातच सोडायचं, अशी रीत आहे. कॅप्टन हात पसरून पुढं आला. अप्पानं चेंडू उचलला आणि पाठ फिरवली. त्या लाथेनं गुडघा कायमचा गेला, पण त्याबद्दल त्यानं कधी कुरकुर केली नाही. अंथरुणाला खिळल्यावर मात्र एकदा मला जवळ बोलावलं. "त्यो येईल बघ, मोठेपणा करायला. बापाला माती द्यायला गेलतो, तर त्यानं मला पळपुटा केलं. त्याच्या हातची माती माज्यावर पडू दिऊ नको."

अप्पा गेला, आणि खरंच कॅप्टन आला, भला मोठा हार घेऊन. समाधीपाशी गाव बेल आणि माती टाकत होतं. त्यानंही वाकून मूठ भरली. मी पुढं होऊन त्याचं मनगट धरलं.

"आता तरी मिटवा," तो म्हणाला.

"त्यानं न्हाई म्हणून सांगितलंय."

बोटं उघडेपर्यंत मी मनगट सोडलं नाही. माती माझ्या पायावर सांडली. कॅप्टन हात झटकत गाडीकडे गेला. गाडी निघाल्याचा आवाज आला, तेव्हा मी माझी मूठ टाकली.