मुरंब्याची खाज आणि वानखेडेकाका

आमच्या तळमजल्यावरचे वानखेडेकाका कोणाच्याही घरी आले की आधी फ्रिजच्या मागे जायचे. "या, बसा, पाणी घ्या" हे सगळं आपण मोकळ्या हॉलला म्हणायचं. काका तोवर गुडघ्यांवर बसून, खिशातल्या टॉर्चच्या उजेडात फ्रिजमागचा ट्रे तपासत असायचे. मग बाल्कनी, कुंड्यांखालच्या बशा, मनीप्लांटची बाटली. मी लग्न होऊन मुलुंडला आले त्या आठवड्यात ते आले होते. मी नवी सून, हातात चहाचा ट्रे, आणि हा पांढऱ्या केसांचा गृहस्थ माहेरून आणलेल्या माझ्या फुलदाणीत डोकं घालून म्हणतोय, "सूनबाई, तुमच्याकडे चाळीसएक पोरं दिसतायत." माझं धाबं दणाणलं. ते डासांच्या अळ्या मोजत होते, हे सासूबाईंनी मागाहून सांगितलं.

काकांनी चौतीस वर्षं मलेरियाच्या खात्यात काढली होती. खांद्यावर पंप, हातात टॉर्च, दारोदार फिरायचं, पिंपांत वाकून बघायचं आणि अळ्या सापडल्या की घरमालकाला नोटीस द्यायची. निवृत्त झाल्यावर पंप सुटला, नोटीस काही सुटली नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये अशी एकही बाई नसेल जिला जिन्यात अडवून काकांनी "सात दिवसांत बशी कोरडी करा, नाहीतर लेखी देईन" असा दम भरलेला नाही. मूळचे ते अकोल्याकडचे, पण बोलणं आता मुंबईचं झालं होतं. फार चकित झाले तरच "अरे बाप्पा" बाहेर पडायचं. आणि एक वाक्य ठरलेलं: "औषध शेवटी. आधी तो जन्मला कुठे ते शोधा."

ते आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला हसायलाच येतं, आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. आमच्या मुरंब्याच्या आजारपणात ते जसे वागले, तसं वागताना मी दुसऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाला पाहिलेलं नाही.

मुरंबा म्हणजे माझ्या लेकीचा, सईचा हॅमस्टर. सई तेव्हा चौथीत होती. मुठीत मावणारा, मधाच्या रंगाचा, गालात शेंगदाणे कोंबून इकडेतिकडे पळणारा हा प्राणी आमच्या घरात सर्वांत लाडका होता. माझ्या नवऱ्याचा नंबर तिसरा. मेच्या सुट्टीत तो एकाएकी खाजवायला लागला. मागच्या पायाने इतकं खाजवायचा की तोल जाऊन पडायचा. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. चौथ्या दिवशी कानामागचे केस गेले, पाठीवर लालभडक चट्टा उठला आणि त्याने खाणं टाकलं. सई पिंजऱ्यापाशी बसून राहिली. "आई, हा मरणार आहे का?" एवढंच ती विचारायची, आणि मला खरंच माहीत नव्हतं. लहान प्राण्यांच्या डॉक्टर अंधेरीला होत्या. त्यांची सोमवारची वेळ मिळाली आणि तेव्हा होता शनिवार.

काकांना बोलावणं धाडलं. ते भिंग घेऊन आले आणि आयुष्यात पहिल्यांदा फ्रिज ओलांडून सरळ पिंजऱ्याकडे गेले. सईने मुरंब्याला पांढऱ्या कागदावर धरलं, काकांनी जुन्या टूथब्रशने त्याची पाठ हलकेच विंचरली. कागदावर पडलेल्या ठिपक्यांपैकी दोन ठिपके चालायला लागले.

"अरे बाप्पा," काका म्हणाले. "हे माइट्स, कातडीवरचे बारीक किडे. हे आपलं खातं नाही, पण भाऊबंदच."

तोवर बातमी बिल्डिंगभर झाली होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सामंतकाकू कडुनिंबाचं तेल घेऊन हजर झाल्या. दुसऱ्या हातात कापूर. "गो, ह्या तेलात कापूर घाल आणि चोपड त्याका. आमच्या मांजराक असाच बरा केलंय." सासूबाईंना हे एकदम पटलं. त्यांनी वर हळद सुचवली, शिवाय कडुनिंबाची धुरी. नैसर्गिक आहे, अपाय कसला, यावर दोघींचं तिथल्या तिथे एकमत झालं. एरवी त्यांचं वाळवणाच्या दोरीवरूनही जमत नाही.

काकांनी तेलाची बाटली हातात घेतली, वास घेतला आणि झाकण घट्ट लावून परत दिली. "काकू, हा प्राणी दिवसभर काय करतो? अंग चाटतो. म्हणजे तुम्ही लावाल ते त्याच्या पोटात जाणार. तुमच्या मांजरापुढे हा केवढा? आणि धुरी म्हणाल तर आयुष्यभर मी धूरच केलाय. एवढ्याशा छातीत तो गेला तर खाज कायमचीच थांबेल."

"मग काय, तसाच खाजवत ठेवूचो?" सामंतकाकूंना राग आला होता.

"नाही. आधी हे जन्मले कुठे ते शोधू." आणि त्यांनी चौकशी सुरू केली. घरात नवीन काय आलं? मांजर? उंदीर? दाणे कुठल्या दुकानातले? सासूबाई आरोपी असल्यासारखं उत्तर देत होत्या. शेवटी काका सईकडे वळले. "पिंजऱ्यात नवीन काय घातलंस, बेटा?"

"गवत," सई म्हणाली. "मऊ झोपायला. तुम्हीच दिलंत ना. आंब्याच्या पेटीतलं."

काकांनी भिंग खिशात ठेवलं. दोन आठवड्यांपूर्वी हापूसची पेटी संपल्यावर त्यांनी तिच्यातलं गवत स्वतःच्या हाताने सईला आणून दिलं होतं. कागद-बिगद कशाला, हे नैसर्गिक आहे, असंही सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्याच घरातून," आणि पिंजरा उचलून बाथरूममध्ये गेले. मला त्यांची फार दया आली.

संध्याकाळी खालच्या फळ्यावर सोसायटीच्या पाणीकपातीच्या सूचनेशेजारी एक कागद लागला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "तळमजल्यावरील श्री. वानखेडे यांच्या आंब्याच्या पेटीतील गवतात किडे असल्याने एका रहिवाशास त्रास झाला आहे. श्री. वानखेडे यांना सक्त ताकीद देण्यात येत आहे." खाली सही: वानखेडे. सगळी बिल्डिंग पोट धरून हसली. काका गंभीर होते.

दोन दिवस त्यांनी आमच्या घरात छावणी टाकली. गवत बांधून बाहेर गेलं. पिंजरा कढत पाण्याने धुऊन उन्हात कोरडा झाला. मुरंबा तोवर सावलीत, बादलीत, साध्या टिश्यूच्या तुकड्यांत. त्याला अंघोळ घालू या म्हणताच काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला टॉवेल परत ठेवून दिला. त्याचं लाकडी घरटं पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये गेलं, मटारांच्या शेजारी. लोळायची वाळू काकांनी माझ्या कढईत, गच्चीवर स्टोव्ह मांडून चांगली तासभर भाजली. सामंतकाकूंचे यजमान वास घेत वर आले आणि शेंगदाणे समजून पुढे हात करून उभे राहिले. त्यांना खरं सांगायला आम्हां दोघांनाही शब्द सुचेना, इतकं हसू येत होतं.

सोमवारी रिक्षाने अंधेरी गाठली. पिंजरा काकांच्या मांडीवर. दवाखान्यात शिरताच त्यांनी कोपऱ्यातल्या कुंडीखालची बशी तपासली आणि रिकामी केली. डॉक्टरांनी मुरंब्याला वाटीत बसवून तोललं, मानेवर औषधाचा एक थेंब टाकला आणि दोन आठवड्यांनी दुसरा सांगितला. "तेल, कापूर काही लावलं नाहीत ना?" त्यांनी विचारलं. "नाही? बरं केलंत. त्यानेच बिघडलेले प्राणी माझ्याकडे जास्त येतात. पिंजरा मात्र असाच स्वच्छ ठेवा, नुसत्या औषधाने हे जात नाहीत." काकांनी रुमालाने कपाळ पुसलं. पण परतताना रिक्षात ते सईशेजारी बसले नाहीत. पुढे, ड्रायव्हरला चिकटून बसले.

त्यानंतर ते रोज पिंजरा धुवायला यायचे, पण दारातूनच विचारायचे, "येऊ ना?" ज्या माणसाने उभ्या आयुष्यात परवानगी न घेता लोकांच्या मोऱ्या तपासल्या, तो माझ्या चौथीतल्या पोरीची परवानगी घ्यायचा. सई मान हलवायची, बोलायची नाही. नऊ-दहा वर्षांची मुलं किती कठोर असतात!

महिन्याभरात लाल चट्टा गेला, त्यावर लव आली. मुरंबा गाल फुगवून पळायला लागला. त्या दिवशी काका हातमोजे काढत होते, तेवढ्यात सई पिंजऱ्यापाशी गेली आणि मुरंब्याला उचलून तिने त्यांच्या ओंजळीत ठेवलं. काका ताठ झाले. त्यांनी त्याला कधी उघड्या हाताने धरलंच नव्हतं. तो त्यांच्या बोटांना हुंगून अंगठ्यावर चढला, तसे काका लहान मुलासारखे हसायला लागले आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"चौतीस वर्षं एवढ्याशा जिवांना मारत हिंडलो गं," ते म्हणाले. "वाचवलेला हा पहिला."

"तुम्ही नाही, डॉक्टरांनी वाचवला," सई म्हणाली. "तुम्ही नुसतं धुतलंत." मग तिने त्यांची ओंजळ खालून आपल्या हाताने सावरली. "नीट धरा, काका. पडेल तो."